सातपुड्याचे भाऊबंद नेमके कुठे?

सातपुडा_पायथा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

फैजपूरला आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुडा दिसतो. जन्मापासून समोर आहे, त्यामुळे तो बघायचा असतो हे कधी डोक्यात आलं नाही. यंदा मुलाकडे व्हर्जिनियाला तीन महिने राहून आलो. एका रविवारी पोरांनी शेनान्डोआच्या राष्ट्रीय उद्यानात नेलं. तिथल्या रांगेला ब्लू रिज म्हणतात, अ‍ॅपलेशियन पर्वताचाच तो भाग. स्टोनी मॅन नावाचं टोक आहे, १२०० मीटरच्या वर. चढ फार नाही. मनुदेवीला पायी जाणाऱ्या माणसाला तर काहीच नाही.

वर गेल्यावर दम खायला एका दगडावर बसलो आणि त्या दगडाकडेच बघत राहिलो. काळपट हिरवा, आणि अंगावर फिकट गाठी. विहीर खोदताना लागतो तो आपला मांजऱ्या! मुलाला म्हटलं, "हा तर आपल्याकडचा दगड." तो म्हणाला, "पप्पा, तुम्हाला सगळीकडे यावल तालुकाच दिसतो."

तिथे एक वनरक्षक बाई होती. तिने सांगितलं की हा लाव्हाच आहे, पण फार जुना. आणि हे डोंगर स्कॉटलंड आणि मोरोक्कोच्या डोंगरांचे सख्खे भाऊ आहेत. मध्ये अटलांटिक महासागर नंतर शिरला. मग मला विचारलं, तुमच्याकडे कोणता पर्वत? हिमालय का? मी म्हटलं, नाही, सातपुडा. तिला माहीत नव्हता.

तेव्हापासून एकच किडा डोक्यात आहे. त्यांच्या डोंगराला भाऊ आहेत, तर आपल्या सातपुड्याला कोण आहे? का आपला एकटाच?

भरीत_पार्टी

काका, सातपुड्याला भाऊ असते तर एव्हाना सातबाऱ्यावर नावं लावायला आले असते.

बाकी धागा भारी. बसलोय.

काळा_पाषाण

धागाकर्त्यांनी दगड बरोबर ओळखला, त्याबद्दल आधी दाद. धुळ्यात भूशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

स्टोनी मॅनचा दगड खरंच लाव्हा आहे. साधारण ५७ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे त्याला कॅटॉक्टिन म्हणतात. त्याच उद्यानात कॉम्पटन पीक म्हणून जागा आहे, तिथे या लाव्हाचे कोनाकोनाचे खांबसुद्धा दिसतात. म्हणजे तेव्हा तो आपल्या दख्खनच्या बेसाल्टसारखाच काळा होता. हिरवा नंतर झाला. का, ते पुढे येईल.

हा लाव्हा वर आला कारण तिथली जमीन फाटत होती. फाटता फाटता त्या भेगेत समुद्र शिरला. त्या समुद्राला शास्त्रज्ञांनी आयापेटस नाव दिलंय. ग्रीक पुराणात आयापेटस हा अ‍ॅटलासचा बाप, आणि अ‍ॅटलासवरून अटलांटिक. मुलाच्या आधी बाप होता, इतकंच त्यात सांगायचंय.

मग हा बापसमुद्र मिटायला लागला. त्याचा तळ दोन्हीकडच्या भूखंडांखाली सरकत गेला आणि काठ जवळ आले. आधी ज्वालामुखी बेटांच्या माळा येऊन अमेरिकेच्या काठाला धडकल्या, साधारण ४६ कोटी वर्षांपूर्वी. उत्तरेकडे स्कॉटलंड, नॉर्वे, ग्रीनलंड या पट्ट्यात ४३-४२ कोटींच्या सुमाराला मोठी टक्कर झाली. शेवटी दक्षिणेकडून आफ्रिका आली, ३२ ते २७ कोटी वर्षांपूर्वी. टक्कर म्हटलं की गाड्यांची आठवण होते, तशी ही नव्हे. वर्षाला काही सेंटिमीटर, पण मागे हटणं नाही. गोधडी दोन्ही बाजूंनी ढकलली की तिला वळ्या पडतात तसे थर वळले, एकमेकांवर चढले, खोल दाबले गेले. त्या दाबात आणि उष्णतेत आपल्या ओळखीचा काळा लाव्हा शिजला आणि त्यात हिरवी खनिजं तयार झाली. काकांच्या हाताखालचा हिरवा रंग हा त्या टकरीचा वळ आहे.

तेव्हा आजचा अमेरिकेचा पूर्व किनारा, मोरोक्को, आयर्लंड, स्कॉटलंड, नॉर्वे हे सगळं पँजिया नावाच्या एकाच महाखंडात शिवलेलं होतं. मधून जाणारे डोंगर उंचीला हिमालयाच्या तोडीचे असावेत असं बरेच भूशास्त्रज्ञ मानतात. मग २० कोटी वर्षांपूर्वी पुन्हा फाटलं. पण जुन्या शिवणीवर नेमकं फाटलं नाही, गंमत ती आहे. कापड शिवणीच्या थोडं बाजूला फाटलं, त्यामुळे अमेरिकेचा एक तुकडा तिकडे युरोपला चिकटून राहिला आणि युरोपकडचा एक इकडे.

एक दुरुस्ती मात्र. मोरोक्कोचा भाऊ म्हणजे तिथला अ‍ँटी-अ‍ॅटलास. पर्यटक ज्या बर्फाच्या हाय अ‍ॅटलासचे फोटो टाकतात त्याची आजची उंची अलीकडची आहे, आफ्रिका युरोपला ढकलते आहे त्यातून आलेली. घराणं जुनं, माडी नवी.

सातपुड्याचं उत्तर वेगळं द्यावं लागेल. जेवून येतो.

अबर्डीन_ते_अमळनेर

वा, माझ्या अंगणातला विषय! माहेर अमळनेर, गेली चौदा वर्षं अबर्डीनला आहे. नवरा तेलाच्या कामात, त्यामुळे घरात दगडांच्या गप्पा पोळीभाजीसारख्या.

पाषाण सर म्हणतात तो 'चिकटून राहिलेला तुकडा' म्हणजे आमचं स्कॉटलंडच. स्कॉटलंड आणि इंग्लंड हे त्या आयापेटसच्या दोन वेगवेगळ्या काठांवर होते. स्कॉटलंड अमेरिकेच्या काठाला, इंग्लंड पलीकडे. आज दोघांची राजकीय सीमा जिथे आहे, जवळपास त्याच पट्ट्यात तो समुद्र मिटला. इथली माणसं हे फार आवडीने सांगतात, कारण कळलं असेलच.

पुरावा काय, तर ट्रायलोबाइट. समुद्रतळावर रांगणारे, पाठीवर खाचा असलेले किडे, आता फक्त दगडात उरलेत. वायव्य स्कॉटलंडमध्ये सापडतात ते अमेरिकेतल्या जातीचे. इंग्लंड-वेल्सचे वेगळे. उथळ पाण्यातले हे जीव खोल समुद्र ओलांडून जाऊ शकत नव्हते, म्हणून दोन काठांवर दोन घराणी वाढली. उलटा मासला कॅनडात, न्यूफाउंडलँडच्या पूर्व भागात: तिथे युरोपकडचे निघतात.

आणखी एक, खास खानदेशींसाठी. पाचवीत पाठ केलं होतं, अस्तंभा १३२५ मीटर. स्कॉटलंडचं, म्हणजे अख्ख्या ब्रिटनचं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस, १३४५. वीस मीटरचा फरक! सासूबाईंना दाखवायला नेलं तर म्हणाल्या, "एवढंच? यासाठी एवढी गाडी चालवली?"

आणि ज्यांना खानदेशची आठवण येते त्यांनी इथल्या पश्चिमेच्या मल बेटावर जावं. पायऱ्या-पायऱ्यांचे काळे डोंगर, थेट अजिंठ्याची रांग. तो लाव्हा ६ कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या जरासा नंतरचा. फक्त पाऊस बारा महिने.

उलटतपासणी

जळगाव कोर्टात वकिली करतो, त्यामुळे सवयीने विचारतो. राग मानू नये.

४३ कोटी वर्षांपूर्वी हजर असलेला साक्षीदार कोणी नाही. नकाशावर आफ्रिका आणि ब्राझील जुळतात हे पोरंही सांगतात. पण आकार जुळणं हा पुरावा असेल तर माझ्या पक्षकाराचं नाक गावातल्या चार जणांशी जुळतं. डोंगर तर सगळीकडे आहेत. इकडचा डोंगर समुद्रापर्यंत येतो, तिकडचा तिथून सुरू होतो, म्हणून ते एक? मध्ये हजारो किलोमीटर पाणी आहे.

काळा_पाषाण

वकीलसाहेब, राग कसला, हाच प्रश्न १९१२ सालापासून विचारला जातोय. त्या वर्षी जानेवारीत आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने फ्रँकफर्टला हे मांडलं, १९१५ मध्ये पुस्तक काढलं. भूशास्त्रज्ञांनी त्याला बराच काळ उभं केलं नाही. खंड कशाच्या जोरावर सरकतात हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि तो आक्षेप खराच होता. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो गेला. वयाची पन्नाशी नुकतीच झाली होती. त्याच ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याला या साखळीचा एक तुकडा आहे.

तुमच्या नाकाच्या मुद्द्याचं उत्तर: फाटकी नोट बँकेत नेली की कॅशियर काय बघतो? कडा जुळतात का हे तर कोणीही बघेल. तो दोन्ही तुकड्यांवरचा नंबर बघतो. वेगेनरने फाटक्या वर्तमानपत्राचा दाखला दिला होता: कडा जुळवल्या आणि छापलेल्या ओळीही अखंड वाचता आल्या, तर कागद एकच. मला नोट जवळची वाटते, कारण नंबर खोटा पाडणं जास्त अवघड.

डोंगराचा नंबर म्हणजे काय? पहिली गोष्ट, वय. ग्रॅनाइटसारख्या दगडात झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात, मिठाच्या कणाहूनही लहान. तयार होताना ते युरेनियम आत घेतात आणि शिसं जवळपास घेतच नाहीत. पुढे युरेनियमचं शिसं होत राहतं, ठरलेल्या गतीने. एका जातीच्या युरेनियमचं निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं, दुसऱ्याला ७० कोटी. एकाच कणात दोन घड्याळं. दोन्ही एकच वेळ सांगत असतील तर साक्ष पक्की. तुमच्या कोर्टात असा साक्षीदार मिळाला तर सांगा.

दुसरी, क्रम. आधी कोणता थर, मग लाव्हा, मग वळ्या, मग ग्रॅनाइट घुसला, हा सगळा क्रम दोन्ही काठांवर तसाच हवा. तिसरी, वळ्यांची दिशा: तुकडे परत जुळवले की पट्टा न तुटता पुढे जायला हवा. चौथी, जीवाश्म, ते ताईंनी सांगितलं. एखादी गोष्ट योगायोगाने जुळेल. चारही जुळल्या तर नोट खरी.

दक्षिणेकडे असंच काम आलेक्झांडर द्यु ट्वा या भूशास्त्रज्ञाने केलं. दक्षिण आफ्रिकेत केपच्या वळ्यांचा पर्वत समुद्राजवळ येऊन तुटतो. हा माणूस १९२३ मध्ये दक्षिण अमेरिकेत गेला, तिथले थर हिंडून बघितले आणि घरच्या थरांशी ताडून पाहिले. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसच्या नैऋत्येला सिएरा दे ला व्हेंताना म्हणून छोटी रांग आहे. थर तेच, क्रम तोच, वळ्याही साधारण २५ कोटी वर्षांच्या घरातल्या. सपाट गवताळ मैदानात ती रांग एकटीच उभी आहे, कारण तिचं घरदार समुद्रापलीकडे राहिलं.

आणि उत्तरेकडचा समुद्र आधी एकदा मिटला होता हे ठासून विचारलं कॅनडाच्या तूझो विल्सनने, १९६६ मध्ये. लेखाचं नावच प्रश्न होतं: अटलांटिक मिटून पुन्हा उघडला का?

उलटतपासणी

नंबरचा मुद्दा मान्य. उलटतपासणी राखून ठेवतो.

धडगावकर

अस्तंभ्याचं नाव निघालं म्हणून आलो. धडगावला शिक्षक आहे. धनत्रयोदशीला हजारो माणसं रात्रीतून तो डोंगर चढतात, बहुतेक आमची आदिवासी पोरं. वर अश्वत्थामा आहे ही श्रद्धा. कपाळाच्या जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात.

वर्गात मी शिकवतो की सातपुडा गट पर्वत, हिमालय वली पर्वत. मुलं लिहून घेतात. मागच्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "सर, मग आपला डोंगर म्हातारा का हिमालय?" मी म्हटलं आपला. नंतर शंका आली. अस्तंभ्यावर सगळा काळा दगड, आणि हा दगड तर ६-७ कोटी वर्षांचा सांगतात. त्या हिशेबाने स्कॉटलंड-अमेरिकेपुढे आपण पोरच झालो. मी चूक शिकवलं का?

काळा_पाषाण

गुरुजी, चूक नाही, अर्धं शिकवलं. आता मूळ प्रश्नाकडे येतो.

आपल्याला दिसतो तो सातपुडा, म्हणजे तोरणमाळ, अस्तंभा, पालच्या बाजूचे डोंगर, हा दख्खनच्या लाव्हाचा. ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा. थर जवळपास आडवे, भाकऱ्या रचून ठेवाव्यात तसे. दोन भाकऱ्यांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरूचा पट्टा दिसतो. दोन लाव्हांच्या मधल्या सवडीत वरचा थर हवा-पाण्याने कुजला, त्याची ती खूण. यात वळ्या नाहीत, टक्कर नाही. उत्तरेला नर्मदेची फट, दक्षिणेला तापीची फट, मधला भाग उंच राहिला, म्हणून गट पर्वत. चोपडा तालुक्यातल्या उनपदेवला गरम पाणी येतं ते याच भेगांच्या कृपेने. तेव्हा काका, स्टोनी मॅनसारखे टकरीतून जन्मलेले भाऊ या वरच्या सातपुड्याला नाहीत. आपला काळा पाषाण अजून कच्चा आहे, शिजला नाही. म्हणूनच तो हिरवा न होता काळा राहिला.

पण लाव्हा काही हवेत तरंगत नव्हता. तो कशावर तरी पसरला. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे खोल बोअर घेतला तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि जुना खडक लागला. कोयनेला ९३३ मीटरवर. खानदेशच्या खालीही जुना खडक आहेच. तो उघडा बघायचा तर सातपुड्याच्या पाठीवरून पूर्वेला चालत जायचं: बैतूलकडे, आणि खाली रामटेक-मनसर-भंडाऱ्याच्या मँगनीजच्या पट्ट्यात. तिथे वळ्या आहेत, शिजलेले खडक आहेत. उत्तरेचा भारत आणि दक्षिणेचा भारत हे एके काळी वेगळे तुकडे होते, ते या पट्ट्यात सांधले गेले, आणि ते काम अब्ज वर्षांच्या घरात आटोपलं. म्हणजे सातपुडा दुमजली आहे. गुरुजी, तुमच्या विद्यार्थिनीला सांगा: तळमजला हिमालयाच्या कितीतरी आधीचा, वरचा मजला त्यामानाने कालचा, तरी हिमालयाहून थोरलाच.

भारताबाहेरचे भाऊ शोधायचे तर नोटेचा नंबर सर्वांत स्वच्छ जुळतो तो पूर्व घाटाचा. कोणार्कचं मंदिर ज्या दगडाचं आहे तो खोंडालाइट, ओडिशातल्या खोंड लोकांवरून नाव पडलेला. तो आणि त्याच्या जोडीचा चार्नोकाइट, हे दोन्ही खोल दाबात शिजलेले खडक. साधारण १०० ते ९० कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीतले. याच वयाचे, याच जातीचे खडक अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आहेत. ऑस्ट्रेलियाचं मॉसन स्थानक चार्नोकाइटवरच उभं आहे. आपलं भारती स्थानक २०१२ पासून त्याच बाजूला, लार्समन टेकड्यांत चालू आहे. गोंडवन, म्हणजे दक्षिणेचा जुना भूखंड, परत जुळवला की तो किनारा आपल्या पूर्व किनाऱ्यासमोर येतो.

गोंडवन हे नावही इथलंच बरं का. गोंडांच्या मुलखावरून १८७० च्या दशकात इथल्या थरांना ते दिलं, आणि ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्युसने ते नाव अख्ख्या दक्षिण भूखंडाला दिलं. चंद्रपूरच्या कोळशाबरोबर ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाची जिभेसारखी पानं सापडतात. कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवाहून परतताना वाटेत मेला. १९१२ च्या नोव्हेंबरात त्याचा तंबू सापडला तेव्हा तिथे सुमारे १६ किलो दगड होते. उपाशी, गारठलेल्या माणसांनी ते शेवटपर्यंत ओढत आणले होते. त्यात ग्लॉसॉप्टेरिसची पानं होती.

सातपुडा_पायथा

सर, काल रात्री हे दोनदा वाचलं. हिला पण वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आपला डोंगर म्हणजे जुन्या घरावर नवा स्लॅब."

पण थोडं वाईटही वाटलं. तळमजल्याला नातलग आणि वरच्या मजल्याला कोणीच नाही? मला तर रोज वरचाच दिसतो.

काळा_पाषाण

वहिनींनी माझं तीस वर्षांचं शिकवणं एका वाक्यात बसवलं.

वरच्या मजल्यालाही नातलग आहेत, फक्त ते वळ्यांच्या डोंगराचे नाहीत. हिंदी महासागरात सेशेल्स बेटं आहेत. भर महासागरातली इतर बेटं बहुतेक ज्वालामुखीची किंवा पोवळ्याची असतात, पण सेशेल्सची मुख्य बेटं ग्रॅनाइटची, साधारण ७५ कोटी वर्षांची. महासागराच्या मधोमध ग्रॅनाइट येतो कुठून? तो खंडाचा तुकडा आहे, मागे सुटलेला. त्या ग्रॅनाइटचा नंबर जोधपूरशी जुळतो. मेहरानगडचा किल्ला ज्या मालाणी खडकावर उभा आहे तो त्याच काळातला, त्याच घराण्यातला. मादागास्करमध्येही या पट्ट्याचे खडक आहेत. मादागास्कर भारतापासून साधारण ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुटलं. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर खांबाखांबांचा दगड बघायला लोक होडीने जातात, तो त्याच ताटातुटीच्या वेळचा लाव्हा. सेशेल्स मात्र आणखी काही काळ आपल्याबरोबर राहिलं. दख्खनचा लाव्हा ओतला गेला त्याच सुमाराला तेही सुटलं. तिथल्या सिल्हुएट बेटावर ६ कोटी ३० लाख वर्षांच्या आसपासचा आग्नेय खडक आहे, दख्खनच्या घटनेचाच शेवटचा अध्याय.

तेव्हा काका, पुढच्या वेळी कोणी विचारलं तर सांगा: तळमजल्याच्या पिढीतले अंटार्क्टिकाला, वरच्या मजल्याचे सेशेल्सला.

भरीत_पार्टी

एकूण काय, अमेरिकेतल्या पोराकडे जायच्या ऐवजी सेशेल्सचं तिकीट काढायला हवं होतं.

अवांतर: ताई, अबर्डीनला भरताची वांगी मिळतात का?

अबर्डीन_ते_अमळनेर

अवांतराला उत्तर: मिळतात ती जांभळी, गुळगुळीत, चव नसलेली. काट्याच्या शेकोटीवर भाजायचं म्हटलं तर शेजारी अग्निशमन दल बोलावेल. जखमेवर मीठ चोळू नका.

मूळ विषय: आमच्याकडे एक हौस निघाली आहे. अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत अ‍ॅपलेशियन ट्रेल आहे ना, साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट? ती पुढे कॅनडा आणि समुद्र ओलांडून आयर्लंड, स्कॉटलंड, थेट मोरोक्कोपर्यंत जोडायची. समुद्रात पाय ठेवायचा नाही, पण वाट एकच मानायची. आमच्या इथल्या वेस्ट हायलँड वे या वाटेचाही त्यात समावेश केलाय. वारीसारखंच म्हणायचं, फक्त मध्ये पाणी आलं.

पांझराकाठ

बठ्ठा धागा वाची काढा भाऊ. अमेरिका कयनी, स्कॉटलंड कयनं, पन मन्हा वावरनं काय?

(मराठीत लिहितो, नाहीतर ताईंशिवाय कोणाला समजायचं नाही.)

माझं शेत धुळे-पारोळ्याच्या मध्ये. शेताच्या कडेने दगडांची लांबच लांब उंच ओळ गेली आहे, एखाद्या पडक्या तटासारखी. लहानपणी आजोबा सांगायचे की पांडवांनी एका रात्रीत बांधली, कोंबडा आरवला म्हणून अर्धी राहिली. पाषाण सर, ही पण त्या टकरीतली का? आणि दुसरं असं, मी दोन बोर मारले. एक ४२० फूट, एक ६०० फूट. दोन्ही कोरडे. पाणाड्याने नारळ उभा करून जागा दाखवली होती, त्याचे पैसे वेगळे गेले. भिंतीच्या पलीकडच्या शेतात १८० फुटावर पाणी आहे.

काळा_पाषाण

पांझराकाठ, तुमच्या शेताच्या कडेला जे आहे ते बघायला परदेशातले लोक येतात. त्याला डाइक म्हणतात. जमीन ताणली जाऊन उभी भेग पडली, खालून लाव्हा त्या भेगेत चढला आणि तिथेच थिजला. आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला, भिंत उभी राहिली. नंदुरबार-धुळे भागात अशा दोनशेहून जास्त मोजल्या गेल्यात, बहुतेक तापीला साधारण समांतर. त्यातली सर्वांत लांब साक्रीहून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाते, जवळपास ८० किलोमीटर. तुमची बहुधा तीच किंवा तिची शेजारीण.

टकरीतली नाही, उलट ताणल्याची खूण आहे. पण या धाग्यात तिचं काम आहे. पँजिया फाटायला लागला तेव्हा, २० कोटी १० लाख वर्षांपूर्वी, अशाच भिंती उठल्या. आज त्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला, मोरोक्कोत आणि ब्राझीलमध्ये आहेत. वय एक, दगडाची घडण एक. डोंगर एकत्र होते हे वळ्यांनी सांगितलं, आणि ताटातूट कधी झाली हे भिंतींनी. वकीलसाहेब, घटस्फोटाचा कागद म्हणा हवं तर.

आता बोर. तुमच्या भागात बऱ्याच डाइकचा दगड घट्ट, त्यातून पाणी सहजी झिरपत नाही. जमिनीखालचं पाणी उताराने नदीकडे निघालं की भिंतीला अडतं, धरणाला अडावं तसं. वरच्या अंगाला साठतं, खालच्या अंगाला ठणठणाट. अर्थात भिंत फुटलेली, तडकलेली असेल तर उलटंही होतं, म्हणून तिथे येऊन बघितल्याशिवाय छातीठोक सांगत नाही. तिसरा बोर मारायची घाई करू नका. आधी सांगा, तुमचं शेत भिंतीच्या कोणत्या अंगाला? डोंगराकडे का नदीकडे?

पांझराकाठ

नदीकडे.

आणि डोंगराकडचं वावर माझ्या साडूचं आहे. दोन वर्षं झाली, बोलणं बंद आहे.